मेर्लो द्राक्ष, बोर्दोचा प्रदेश आणि आपली शेती

द्राक्षबागेवर केवडा दिसू लागला की आपला बागाईतदार मोरचूद आणि चुना आणून बोर्डो मिश्रण तयार करतो. हे नाव त्याच्या इतके परिचयाचे झाले आहे की ते एका परदेशी शहराचे आहे, याचा सहसा विचारही होत नाही. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस अटलांटिक महासागरानजीक बोर्दो नावाचे शहर व त्याच्या भोवताली त्याच नावाचा द्राक्षप्रदेश आहे. आपल्या फवारणीचे औषध जेथे जन्मास आले, तेथेच मेर्लो जातीच्या काळ्या द्राक्षापासून जगप्रसिद्ध तांबडी वाइन तयार होते. त्या प्रदेशाचा व त्या द्राक्षाचा परिचय करून देणे हा या पाठाचा विषय आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट होईल. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. परवान्यावाचून शेतावर अथवा घरी वाइन तयार करणे हा महाराष्ट्रात कायद्याने गुन्हा आहे, हेही प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. परंतु ‘उसाऐवजी वाइनची द्राक्षे लावली तर कसे?’ असा प्रश्न कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील शेतकरी विचारतो, तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्याजवळ त्याचे नीट उत्तर असावयास हवे. ते उत्तर बोर्दोच्या इतिहासात आणि आपल्याच राज्यातील गेल्या काही वर्षांच्या अनुभवात सापडते.

प्रदेश आणि जमीन

बोर्दोचा प्रदेश सुमारे ४५ उत्तर अक्षांशावर आहे. कोल्हापूर १७ अंशांच्या किंचित खाली. गारोन व दोर्दोन्य या दोन नद्या तेथे एकत्र येतात आणि जिराँद नावाच्या रुंद खाडीने समुद्रास मिळतात. या पाण्याच्या दोन बाजूंस जमिनीचा पोत निरनिराळा आहे, व त्यावरूनच द्राक्षाच्या जातींची निवड ठरली आहे. डाव्या तीरावरील मेदोक भागात गोट्यांची, निचऱ्याची व लवकर तापणारी जमीन आहे. तेथे उशिरा पिकणारी काबर्ने सोव्हिन्यों ही जात चांगली साधते. उजव्या तीरावर, लिबूर्न या गावाच्या परिसरात, सेंत-एमिलियों व पोमरॉल हे दोन नामांकित भाग आहेत. तेथील जमीन चिकणमातीची व चुनखडीची, ओल धरून ठेवणारी आणि म्हणूनच थंड आहे. अशा जमिनीत काबर्ने पुरती पिकेल याचा भरवसा नसतो. मेर्लो मात्र तिच्याआधी एक ते दोन आठवडे पिकते. म्हणून उजव्या तीराने मेर्लो पत्करली. ओल धरणाऱ्या जमिनीचा दोष त्या जातीच्या अंगी गुणासारखा लागू पडला.

पोमरॉल हा भाग सगळा मिळून सुमारे ८०० हेक्टरांचा आहे. आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढाच म्हणा ना! त्यातील पेत्रूस नावाचा मळा तर साडेअकरा हेक्टरांच्या आसपास असून त्यात जवळजवळ सर्व लागवड मेर्लोची आहे. त्या मळ्याच्या वाइनची गणना जगातील अत्यंत महाग वाइनमध्ये होते. मळा लहान, जात सर्वत्र मिळणारी, आणि तरीही किंमत एवढी. याचे कारण पुढे पाहू.

मेर्लोचे गुणदोष

मेर्लो हे नाव फ्रेंच भाषेतील एका काळ्या पक्ष्याच्या नावावरून पडले असावे, असा समज आहे. लिबूर्न परिसरातील या जातीचा लेखी उल्लेख १७८४ सालापासून मिळतो. अलीकडील आनुवंशिक परीक्षणावरून काबर्ने फ्राँ ही तिच्या जन्मदात्या जातींपैकी एक असल्याचे सिद्ध झाले आहे. बोर्दो प्रदेशातील तांबड्या वाइनच्या द्राक्षांत आज निम्म्याहून अधिक क्षेत्र एकट्या मेर्लोचे आहे.

या जातीचा मणी निळसर काळा, बियांचा आणि पातळ सालीचा असतो. साखर लवकर भरते, आंबटपणा मध्यम राहतो आणि टॅनिन नावाचे तुरट द्रव्य काबर्नेपेक्षा सौम्य असते. त्यामुळे वाइन मऊ होते व पिण्याजोगी होण्यास तिला फार वर्षे लागत नाहीत. बहुधा काबर्ने फ्राँ वा काबर्ने सोव्हिन्यों यांचा काही भाग तीत मिसळतात, म्हणजे तिला धार व टिकाऊपणा येतो.

दोषही तितकेच आहेत. डोळे लवकर फुटत असल्याने वसंतातील कडाक्याच्या थंडीत कोवळी फूट करपते. फुलोऱ्याच्या वेळी हवा गार व ओली राहिली तर मणी न धरता गळ होते. साल पातळ असल्याने पावसात मणी कुजतात, आणि केवड्यास ही जात सहज बळी पडते. पिकल्यावर ती वेलीवर फार दिवस ठेवता येत नाही; तोडणीचे दिवस मोजकेच असतात.

द्राक्षापासून वाइन

तोडलेल्या घडांचे देठ वेगळे करून मणी फोडले जातात. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक रंगहीनच असतो. रंग व तुरटपणा सालीत असतो. म्हणून तांबड्या वाइनसाठी रस सालीबियांसह आंबवतात. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातील साखर खातात व तिचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात. दर लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे लिटरला २२० ग्रॅम साखर असलेल्या रसापासून सुमारे १३ टक्के मद्यार्काची वाइन होते. साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो. तो वारंवार खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही आणि थर आंबून बिघडतो. उष्णता २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आवरून धरावी लागते. एक ते तीन आठवड्यांनी रस वेगळा काढून उरलेला चोथा दाबतात. त्यानंतर चांगली वाइन ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरते आणि मग बाटलीत भरली जाते.

गुऱ्हाळाशी परिचय असलेल्या वाचकास यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. ऊस अपक्व असेल, रस शिळा असेल, तर गुळव्या कितीही कसबी असला तरी काहिलीतून उत्तम रवा उतरत नाही. वाइनचेही तसेच आहे. तिची प्रत आधी मळ्यात ठरते. कारखान्यात ती राखता येते, वाढविता येत नाही.

नावाचे कुंपण

आता किमतीच्या प्रश्नाकडे वळू. सेंत-एमिलियों गावाच्या पंचमंडळास ११९९ साली इंग्लंडचा राजा जॉन याने सनद दिली. त्या काळी हा मुलूख इंग्लंडच्या राजाकडे होता. ज्युराद नावाने ओळखले जाणारे हे पंच वाइनची तपासणी करीत, योग्य पिंपांवर शिक्का मारीत आणि कमी प्रतीचा माल गावाच्या नावाने बाहेर जाऊ देत नसत. फ्रेंच राज्यक्रांतीत ही संस्था मोडली. १९४८ साली तिचे पुनरुज्जीवन झाले. या परिसरास १९९९ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बनावट मालाने फ्रान्समधील सर्वच नामांकित प्रदेशांना ग्रासले होते. हलकी वाइन कोठूनही आणावी व प्रसिद्ध गावाच्या नावाने विकावी, असा प्रकार सर्रास चाले. यावर उपाय म्हणून १९३५ साली फ्रान्सने उगमस्थानाच्या नावांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि १९३६ साली सेंत-एमिलियों व पोमरॉल ही नावे त्याखाली आली. या कायद्याने केवळ सीमा आखली नाही. कोणत्या जाती लावाव्यात, हेक्टरी किती वेली असाव्यात, रसात किमान किती साखर असावी आणि हेक्टरी जास्तीत जास्त किती उत्पादन घ्यावे, हे सर्व त्यात बांधून दिले.

शेवटची अट आपल्या शेतकऱ्यास नवलाची वाटेल. या भागात उत्पादनाची मर्यादा स्थूलमानाने हेक्टरी ५० हेक्टोलिटर, म्हणजे ५,००० लिटर वाइन अशी आहे. शंभर लिटर वाइनसाठी सुमारे १३० किलो द्राक्षे लागतात असे धरल्यास हेक्टरी साडेसहा टन, म्हणजे एकरी सुमारे २.६ टन द्राक्षे झाली. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाचा चांगला बागाईतदार एकरी आठ-दहा टन माल काढतो. तेथे हेक्टरी पाच-सहा हजार वेली असतात. आपल्याकडे ९ × ५ फूट अंतराने एकरी सुमारे ९७० वेली बसतात. म्हणजे तेथील एका वेलीवर जेमतेम एक-सव्वा किलो माल ठेवला जातो. वेलीवरचा भार कमी केला की प्रत्येक मण्यात साखर, रंग व सुगंध अधिक भरतो. कायद्याने मर्यादा घातली, परंतु ती पाळून घेण्यात पुढाकार उत्पादकांच्याच संघटनांचा आहे. कारण शेजाऱ्याने हलका माल काढला तर आपल्याही नावाची किंमत उतरते, हे तेथे प्रत्येकास उमगले आहे.

सेंत-एमिलियोंच्या मळ्यांची प्रतवारी प्रथम १९५५ साली झाली. ती ठराविक काळाने पुन्हा तपासली जाते, आणि कमी पडलेल्या मळ्यांची पायरी खाली गेल्याची उदाहरणे आहेत. लहान उत्पादकांसाठी १९३० च्या दशकापासून तेथे सहकारी वाइनघरही आहे. ज्यास स्वतःचे तळघर व पिंपे परवडत नाहीत, तो आपली द्राक्षे तेथे आणतो. सहकारी साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यास ही रीत परकी वाटू नये.

संकटे आणि त्यांतून निघालेले उपाय

बोर्दोचे वैभव सुखासुखी टिकलेले नाही. १८६० नंतरच्या काळात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या मुळांवरील सूक्ष्म किडीने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या. अखेर अमेरिकन जातींच्या खुंटांवर फ्रेंच द्राक्षाचे कलम करण्याचा उपाय सापडला. आपले बागाईतदार क्षार व पाण्याचा ताण यांपासून बचावासाठी डॉगरिजसारखा खुंट वापरतात, ती त्याच विद्येची शाखा होय.

केवडा रोगही अमेरिकेतूनच फ्रान्समध्ये पोहोचला. १८८२ साली मियार्दे या बोर्दोच्या वनस्पतिशास्त्रज्ञास मेदोक भागात असे दिसले की, रस्त्याच्या कडेच्या वेलींवरील पाने हिरवी आहेत, आणि आतल्या वेलींची मात्र गळून गेली आहेत. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडला होता. यावरून प्रयोग करून त्याने १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, व बोर्डो मिश्रणाचा प्रसार झाला.

एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चांगला कळीचा चुना व १०० लिटर पाणी घ्यावे. दोन्ही द्रावणे लाकडी, मातीच्या वा प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळी करावीत. लोखंडी भांडे वापरू नये. चुन्याचे द्रावण थंड झाल्यावर गाळून घ्यावे, मोरचुदाचे द्रावण त्यात हळूहळू ओतावे व एकसारखे ढवळावे. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. तोडणीच्या जवळ मात्र ते फवारू नये. मण्यांवर डाग राहतात, आणि तांब्याचा अंश रसात उतरल्यास आंबवणीस बाधा येते.

१९५६ च्या फेब्रुवारीत असामान्य थंडी पडून पोमरॉल व सेंत-एमिलियोंमधील असंख्य वेली मेल्या व बागा नव्याने लावाव्या लागल्या. आजचे संकट मात्र हवामानाचे नाही, मागणीचे आहे. फ्रान्समध्येच तांबडी वाइन पिण्याचे प्रमाण घटत गेले आणि बोर्दोतील साध्या प्रतीचा माल पडून राहू लागला. अखेर २०२३ साली तेथे सुमारे ९,५०० हेक्टर बागा सरकारी अर्थसाहाय्याने काढून टाकण्याची योजना जाहीर करावी लागली. शेकडो वर्षांची कीर्ती असलेल्या प्रदेशावर ही पाळी येते, तर नवख्याने किती सावध असावे, हे सांगणे नलगे.

महाराष्ट्रातील अनुभव

आपल्या राज्यात १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने वाइननिर्मिती सुरू झाली. पुढे नाशिक जिल्ह्यात हा उद्योग वाढला. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक निर्देशनाची नोंदणीही मिळाली आहे.

या उत्साहाच्या भरात अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घसरली, कारखान्यांच्या टाक्या भरून राहिल्या, काही कारखाने बंद पडले आणि द्राक्षास घेणारा उरला नाही. कित्येकांनी उभ्या बागा काढून टाकल्या. येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. बिनबियांच्या द्राक्षास ताज्या बाजारात भाव नसला, तर त्याचा बेदाणा करून तासगावच्या सौद्यात नेता येतो. मेर्लो, काबर्ने वा शिराझ यांचा मणी लहान व बियांचा. तो ना पाटीत विकला जातो, ना त्याच्या बेदाण्यास गिऱ्हाईक मिळते. वाइनच्या द्राक्षास एकच दरवाजा असतो. तो बंद झाला की माल वेलीवरच राहतो.

हवामानाचा भेदही मोठा आहे. बोर्दोत हिवाळ्यात वेल झोपी जाते, जूनमध्ये फुलते, ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. आपल्याकडे वेलीला विश्रांती नाही. एप्रिलची खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्यांनी आपण तिला वळण लावतो, आणि माल फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात पिकतो. त्या उन्हात साखर झपाट्याने भरते, परंतु आंबटपणा उतरतो व रंग मागे राहतो. म्हणून मेर्लोसारखी थंड जमिनीची, पातळ सालीची जात आपल्याकडे जपूनच घ्यावी लागते. तांबड्या वाइनसाठी शिराझ व काबर्ने यांचाच प्रसार येथे अधिक झाला आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत पाऊस अतिशय, तर नदीकाठी जमिनी भारी व काही ठिकाणी क्षारपड. वाइनच्या द्राक्षास दोन्ही प्रतिकूल आहेत.

मग कोल्हापूरने काय शिकावे?

मेर्लोचे कलम आणता येते. सेंत-एमिलियोंची शिस्त विकत आणता येत नाही, आणि किंमत त्या शिस्तीची आहे. परंतु तशी शिस्त लावण्याजोगा स्वतःचा माल कोल्हापुराजवळ आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली, आणि येथील गुळाचे नाव दूरवर गेले. ‘कोल्हापूर गूळ’ या नावास २०१४ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. आजऱ्याच्या घनसाळ तांदळासही २०१६ साली असा मान मिळाला. कुंपण कागदावर उभे राहिले आहे.

तथापि, बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, गुळात साखर मिसळली जाते, अशा तक्रारी बाजारात वारंवार ऐकू येतात. आणि गुऱ्हाळांची संख्या घटत चालली आहे. नोंदणी मिळाली म्हणजे नाव आपोआप राखले जात नाही. त्या नावाने माल विकण्यासाठी प्रत्येक उत्पादकाने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावयाची असते, आणि मूळ नोंदणीचेही दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या जातीचा, किती पक्व ऊस घ्यावा, रस स्वच्छ करण्यास काय वापरावे, काय मुळीच वापरू नये, हे गुऱ्हाळवाल्यांनी एकत्र बसून ठरविले पाहिजे व एकमेकांकडून पाळून घेतले पाहिजे. सेंत-एमिलियोंचे पंच आठशे वर्षांपूर्वी हेच करीत होते.

वाइनची द्राक्षे लावू इच्छिणाऱ्यास सूचना

१. लागवडीपूर्वी परवानाधारक कारखान्याशी लेखी करार करावा. जात, साखरेचे प्रमाण, दर, तोडणीचा दिवस व पैसे देण्याची मुदत त्यात स्पष्ट असावी.

२. माती व पाणी यांचे परीक्षण करून घ्यावे. जात व खुंट यांविषयी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

३. एकरी उत्पन्न खाण्याच्या द्राक्षापेक्षा कमी येणार हे धरूनच जमाखर्च मांडावा.

४. सर्व जमीन एकाच पिकाखाली आणू नये. कर्ज काढून तर नव्हेच.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. उजव्या तीरावर काबर्नेऐवजी मेर्लो का लावली गेली? आपल्या गावच्या शिवारात जमिनीवरून पिकाची निवड झाल्याची उदाहरणे सांगा.

२. उत्पादनावर मर्यादा घालून उत्पादकाचा लाभ कसा होऊ शकतो? तो केव्हा होणार नाही?

३. आपल्या गावातील किती गुऱ्हाळांनी ‘कोल्हापूर गूळ’ या नावाच्या वापरासाठी नोंद केली आहे? नसल्यास अडचण कोणती, याची यादी करून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावी.